शाळकरी मुलांच्या घरासाठी सात सीटर निवडताना

दोन-तीन मुलं, दप्तरं, क्रिकेटची बॅट आणि सोबत आजी-आजोबा असतील, तर सात सीटर गाडीला पर्याय नाही. मात्र ब्रोशर बाजूला ठेवून शोरूममध्ये हे तपासा:

🔹 तिसरी रांग: स्वतः मागे बसून पाहा. गुडघ्यांना जागा आणि एसीची हवा मिळते का? मुलांना एकट्याने आत शिरता येतं का? कॅरेन्सच्या काही मॉडेल्समध्ये मधल्या रांगेतली सीट बटण दाबताच पुढे दुमडते.

🔹 डिकी: सगळ्या सीट उभ्या असताना अर्टिगात २०९ लिटर, ट्रायबरमध्ये जेमतेम ८४. पण ट्रायबरची तिसरी रांग पूर्ण काढून ठेवता येते. मग ६२५ लिटर जागा मिळते.

🔹 सीएनजी: इंधनखर्च कमी होतो, पण अर्टिगात टाकी डिकीतच बसते.

🔹 सुरक्षा: एअरबॅग्ज, आयसोफिक्स (लहान मुलांची सीट घट्ट अडकवण्याची सोय) आणि प्रत्येक सीटला तीन बिंदूंचा पट्टा आहे का पाहा. इनोव्हा हायक्रॉसला भारत एनकॅपच्या क्रॅश चाचणीत ५ तारे आहेत.

टेस्ट ड्राइव्हला मुलं, आजी-आजोबा आणि दप्तरं, सगळ्यांना घेऊन जा. बुकिंग त्यानंतरच करा!