परघरीं राबणारी आज्ञावली

लग्नकार्य निघालें कीं घरीं बाहेरून आचारी बोलावितात. तो आपल्या कामांत कितीहि निष्णात असला, तरी घर त्याचें नसतें. ऐन पंगतीच्या वेळीं तूप संपलें, तर तें कोठून आणावयाचें, पंगत थांबवावयाची कीं चालू ठेवावयाची, हें ठरविण्याचा अधिकार यजमानाचा. आचाऱ्याचें कर्तव्य एवढेंच कीं, तूप संपल्याची वार्ता वेळेवर व स्पष्ट शब्दांत यजमानाच्या कानीं घालावी. तुपाच्या जागीं गुपचूप वनस्पति वाढणारा आचारी आणि तूप संपलें म्हणून चूल विझवून चालता होणारा आचारी, हे दोघेहि यजमानाची अब्रू सारखीच घालवितात. संगणकाच्या जगांत ज्यांना सामायिक लायब्रऱ्या म्हणतात, त्यांची स्थिति नेमकी या आचाऱ्यासारखी आहे.

लायब्ररी म्हणजे येथें ग्रंथसंग्रहालय नव्हे. तारखांचा हिशेब करणें, फाइल वाचणें, एका प्रकारच्या संख्येचें दुसऱ्या प्रकारांत रूपांतर करणें, अशीं कामें जवळजवळ प्रत्येक आज्ञावलीला करावीं लागतात. तीं एकदां नीट लिहून ठेवावीं आणि मग सर्वांनीं वापरावीं, एवढीच ही कल्पना. आणि ती संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठांतील एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्यें चालू झाला. त्याच्यासाठीं विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनीं अशा छोट्या आज्ञावलींचा संग्रह छिद्रें पाडलेल्या कागदी फितींवर सिद्ध केला, आणि १९५१ सालीं त्यांची माहिती देणारा ग्रंथहि प्रसिद्ध केला. आज बँकेचे व्यवहार, रेल्वेचें आरक्षण, रुग्णालयांतील नोंदी, या सर्वांच्या मागें ज्या आज्ञावली राबत असतात, त्यांत मालकानें स्वतः लिहिलेला भाग बहुधा थोडा आणि बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्यांचा भाग मोठा असतो. म्हणूनच या पाहुण्यांनीं परघरीं कसें वागावें, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांपुरता उरलेला नाहीं.

काम चालू असतां कधीं अशी अडचण येते कीं, नेहमींच्या वाटेनें पुढें जातांच येत नाहीं. फाइल जागेवर नसते, किंवा भागाकारांत भाजक शून्य निघतो. अशा वेळीं आज्ञावली एक सूचना उठविते. तिला एक्सेप्शन, म्हणजे अपवाद, असें म्हणतात. ज्या आज्ञावलीनें काम सांगितलें तिच्याकडे ही सूचना प्रथम जाते. तिनें दखल घेतली नाहीं, तर ती आणखी वरच्या पायरीवर जाते. आणि कोणीच दखल घेतली नाहीं, तर सारें कामच बंद पडतें.

या सूचनेची व्यवस्था नीट न लागल्यास काय होतें, याचें उदाहरण ४ जून १९९६ रोजीं घडलें. त्या दिवशीं फ्रेंच गियानांतील कुरू येथून एरियन ५ हें युरोपीय रॉकेट प्रथमच उडालें. सुमारें ३७ सेकंदांनीं तें एकाएकीं मार्गावरून वळलें, मोडूं लागलें आणि नष्ट झालें. त्याच्याबरोबर क्लस्टर योजनेचे चार उपग्रहहि गेले. रॉकेटची दिशा व हालचाल मोजणाऱ्या उपकरणांतील आज्ञावली एरियन ४ या आधींच्या रॉकेटवरून घेतलेली होती. तींत ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकांत बसविली जात असे. १६ बिटांच्या अशा पूर्णांकांत ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाहीं. जुन्या रॉकेटचा आडवा वेग आरंभीं बेताचा असल्यामुळें ही मर्यादा कधीं ओलांडली गेली नव्हती. नव्या रॉकेटचा वेग फार लवकर वाढला आणि ती ओलांडली गेली.

अपवादाची सूचना उठली. अशा प्रसंगीं घडलेल्या दोषाची नोंद करावी आणि काम बंद करावें, असा त्या उपकरणाला नियम घालून दिलेला होता. यंत्राचा बिघाड आकस्मिक असतो, एक उपकरण बंद पडलें तर राखीव उपकरण काम सांभाळील, हा त्यामागील हिशेब. परंतु आज्ञावलींतील चूक दोन्हीं ठिकाणीं सारखीच असते. राखीव उपकरण त्याच कारणानें क्षणभर आधींच बंद पडलें होतें. पुढें घडलें तें अधिकच उद्बोधक आहे. बंद पडतांना उपकरणानें पाठविलेली दोषाची माहिती मुख्य संगणकानें उड्डाणाचीच माहिती समजून घेतली, आणि तिच्या आधारें ज्वाला फेकणारीं तोंडें वळविलीं. विशेष हें कीं, ज्या गणितांत ही चूक झाली, त्याची उड्डाणानंतर या रॉकेटला गरजच नव्हती.

हा चूल विझविण्याचा प्रकार झाला. गुपचूप वनस्पति वाढण्याचा प्रकार याहून शांत आणि म्हणूनच अधिक फसवा असतो. समजा, कर्जाच्या हप्त्याची तारीख लायब्ररीला वाचतां आली नाहीं, आणि तिनें तक्रार न करतां आजची तारीख परत दिली. काम अडत नाहीं, पण हिशेब चुकतो, आणि तो कां चुकला हें महिनोन्महिने कोणाला कळत नाहीं. यास्तव नियम असा कीं, जी अडचण लायब्ररीला खरोखर दूर करतां येते, तेवढीच तिनें स्वतः निस्तरावी; बाकीची मूळ कारणासह वर कळवावी. कळविल्यानंतर तिचीच नोंद पुन्हां आपण करीत बसूं नये. नाहींतर प्रत्येक पायरीवर एकाच घटनेची नोंद होते, आणि एक दोष पांच दोषांसारखा दिसूं लागतो.

नोंदींचा प्रश्न येथूनच निघतो. आज्ञावली आपल्या कामाची जी रोजकीर्द ठेवते, तिला लॉग म्हणतात. ती कोठें ठेवावी, किती दिवस जपावी, तींत काय लिहूं नये, हें यजमानानें ठरवावयाचें. प्रत्येक लायब्ररी आपापली वही आणि आपापला कारकून घेऊन आली, तर घरांत दहा वह्या होतात आणि कारकुनांचीं भांडणें लागतात तीं निराळींच. म्हणून जावा भाषेंत एसएलएफ४जे ही सोय करण्यांत आली. लायब्ररीनें केवळ या पातळ पडद्यामागून नोंद सांगावी. पलीकडे लिहून घेणारा कोण, तें यजमान ठरवील. कोणीच नसेल, तर नोंद सोडून दिली जाईल. पायथन भाषेच्या अधिकृत मार्गदर्शनांतहि लायब्ररीनें नोंदींची स्वतःची व्यवस्था लावूं नये, असेंच बजाविलें आहे.

या उपदेशाचें मोल डिसेंबर २०२१ मध्यें साऱ्या जगाला कळलें. लॉग४जे ही जावांतील अत्यंत प्रचलित नोंदणी-लायब्ररी. तिच्या दुसऱ्या आवृत्तींत २०१३ मध्यें एक सोय घातली गेली होती: नोंदीच्या मजकुरांत ठराविक खुणा आढळल्यास त्यांचा अर्थ लावून दुसऱ्या संगणकाकडून वस्तु मागवावी. परिणामीं, एखाद्या परक्यानें नांव लिहावयाच्या चौकटींत तसल्या खुणा लिहिल्या आणि त्या नोंदल्या गेल्या, कीं त्यानें धाडलेली आज्ञावली यजमानाच्या संगणकावर चालूं शके. ९ डिसेंबर रोजीं हा दोष जगजाहीर झाला. त्याची गंभीरता १० पैकीं १० ठरली. दुरुस्त आवृत्ति लगोलग निघाली, परंतु ती बसवावयाची कोठें, हेंच अनेकांना कळेना. कारण लॉग४जे त्यांनीं स्वतः आणलेली नव्हती. ती त्यांच्या लायब्ररीच्या लायब्ररीनें, आचाऱ्याच्या गड्यानें आणलेल्या दुसऱ्या गड्याप्रमाणें, मागील दारानें घरांत आणली होती. ज्या लायब्रऱ्यांनीं केवळ पातळ पडद्याशींच संबंध ठेविला होता, त्यांच्याबरोबर हा गडी आला नाहीं.

तात्पर्य, सामायिक लायब्ररीची थोरवी तिला किती कामें येतात एवढ्यावरच मोजूं नये. अडचण आली असतां ती खरें सांगते काय, निर्णय ज्याचा त्याच्यावर सोपविते काय, आणि आपल्याबरोबर कोणाला घरांत आणते, हेंहि पाहावें. आचाऱ्याचें पाककौशल्य पंगतीला पहिल्या घासासरशीं कळतें. त्याचा प्रामाणिकपणा कळण्यास मात्र तूप संपावें लागतें.