धारेचा दगड : माहूर-किनवटच्या स्वयंपाकघरांचा मागोवा

नांदेड जिल्ह्यातल्या माहूरचा डोंगर काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. पाटा-वरवंटा, जाते, उखळ हे सगळे याच दगडातून घडत आले; धारेसाठी मात्र तो फारसा उपयोगी पडला नाही. बेसाल्टमधील फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांची कठिणता मोह्‌सच्या मापाने साधारण ५ ते ६ भरते आणि पाणी दिलेले पोलादही त्याच्याच आसपास असते. अशा दगडावर पाते घासले की लोखंड कमी झिजते आणि दगडच गुळगुळीत होतो. पोलाद कापायला निदान क्वार्ट्झ लागतो. त्याची कठिणता ७ असून तो नदीच्या वाळूत, गारगोटीत आणि भाजलेल्या विटेत सापडतो. म्हणून डोंगर दगडाचा असूनही विळी पाजवायला विटेचा तुकडा हाताशी घेतला जाई. याहून सरस होता तो कुरुंद. त्याची कठिणता ९ आहे. दक्षिण भारतातल्या खाणींतून निघणाऱ्या या खनिजाची पूड करून धारेची सहाण आणि चाके बनत.

धार फार उतरली की दगडाने भागत नसे. विळा, खुरपे, कुऱ्हाड लोहाराकडून शेवटून आणावी लागे. लोहार कड तापवून ठोकून पातळ करी, तिला पुन्हा पाणी देई आणि मगच ती दगडावर जाई. गावोगाव बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या घिसाड्यांनीही पिढ्यान् पिढ्या हेच काम केले. नांदेडला या कौशल्याची आणखी एक परंपरा आहे. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये नांदेडला निर्वाण झाले, तिथल्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये जुनी शस्त्रे जतन केलेली आहेत आणि शस्त्रे घडवणारा, उजळणारा शिकलकरी समाजही शिखांत आहे. लोखंडाची पारख असलेली ही माणसे पात्याची कड बोटाने चाचपून त्याला कोणता दगड लावायचा ते ठरवत. ते ज्ञान लिहून ठेवले गेले नाही, याची खंत वाटावी इतके ते मोलाचे होते.

दगडाच्या इतिहासातले मोठे वळण १८९१ चे. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोक तापवताना सिलिकॉन कार्बाइड मिळवले आणि त्याला कार्बोरंडम हे नाव दिले. हे कुरुंदाहूनही कठीण निघाले. मुख्य म्हणजे त्याचे कण चाळून एकसारख्या जाडीचे करता येत होते. भारतात १९४१ साली उरणजवळच्या मोऱ्याला ग्राइंडिंग व्हीलचे उत्पादन सुरू झाले, तर १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी निघाली. एका बाजूने खरबरीत आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा राखी-काळा दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळू लागला. सायकल स्टँडवर लावून पायडलने चाक फिरवणारा धारवालाही याच कृत्रिम दगडाच्या जोरावर गल्लीत आला. त्याच्या चाकाने मिनिटात धार येते, पण ठिणग्या उडतात तेव्हा पातळ कड तापते. कड निळसर झाली की तिचे पाणी उतरले असे समजावे; अशी धार फार दिवस टिकत नाही.

पातेही बदलत गेले. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद तयार केले. ते स्वयंपाकघरात रुळल्यावर लोखंडी विळीने काळी पडणारी वांग्याची फोड आणि पावसाळ्यातला गंज ही कटकट बरीच कमी झाली. मात्र घरगुती स्टेनलेस सुऱ्या बहुधा मऊ ठेवलेल्या असतात. त्यांची कड तुटण्याऐवजी मुडपते. शहाबादी फरशीच्या किंवा कडप्प्याच्या ओट्याच्या कडेवर सुरी घासण्याची सवय इथूनच बळावली. हे दोन्ही चुनखडीचे दगड पोलादापेक्षा मऊ आहेत. त्यांनी मुडपलेली कड थोडीफार सरळ होते, नवी धार निघत नाही. चहाच्या कपाच्या बुडाची झिलई नसलेली गोल कड मात्र खरोखर धार लावते, कारण ती भाजलेली, पोलादाहून कठीण सिरॅमिक असते.

बाजारातल्या सिरॅमिकचे तत्त्व तेच आहे. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची, म्हणजे रासायनिकदृष्ट्या कुरुंदाचीच, बारीक पूड दाबून, भाजून त्याचे रॉड आणि पट्ट्या होतात. बाजारात मिळणाऱ्या हिऱ्याच्या पट्टीत मात्र लोखंडी पत्र्यावर निकेलच्या मुलाम्याने हिऱ्याचे कण पकडून ठेवलेले असतात. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये कृत्रिम हिरा तयार झाला आणि पुढे त्याचे कण स्वस्त होत गेले, म्हणून हे शक्य झाले. माहूरसारख्या डोंगरावरच्या गावाला मात्र अशा वस्तू सहजी मिळायला ऑनलाइन खरेदीच्या काळाची वाट पाहावी लागली.

हिरा कोणतेही पोलाद कापतो, ही त्याची नेहमीची जाहिरात. व्हॅनेडियमयुक्त महाग सुऱ्यांमधील कार्बाइडे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण असतात, तिथे तिला अर्थ आहे. मराठवाड्यातल्या साध्या विळीला किंवा सुरीला त्या ताकदीची गरज नाही. इथे हिऱ्याचे खरे मोल वेगळे आहे. ही पट्टी हलकी, सपाट राहणारी आणि भिजत घालावी न लागणारी असते. सुरी दगडावर नेता येते, विळीचा पाट मात्र उचलून घासता येत नाही. तिथे दगडच पात्याकडे न्यावा लागतो. टेबलावर ठेवायचे जड दगड विळीपुढे निरुपयोगी ठरतात, हातात मावणारी पट्टी किंवा रॉड कामाला येतो. पाट पक्का दाबून धरून, पात्याच्या मागच्या बाजूला बसून, बुडाकडून टोकाकडे पट्टी न्यावी. पाते मुळात ज्या बाजूने उतरते केलेले असेल, त्याच बाजूवर भर द्यावा. टोकाला खवणी असेल तर तिच्या दात्यांना सपाट पट्टी लावू नये.

घरातली विळी बहुधा पुरती बोथट झाल्यावरच धारेला निघते. अशा वेळी सिरॅमिकने तासभर घासूनही हाती काही लागत नाही, कारण तो फार कमी धातू काढतो. सुमारे २५ मायक्रॉन कणांची, म्हणजे ६०० मेशची हिऱ्याची पट्टी थोड्याच वेळात नवी कड काढते. ३२५ मेशची खरबरीत पट्टी फक्त खाचा पडलेल्या पात्यासाठी राखावी. हिऱ्याची धार करकरीत असते आणि टोमॅटो, कांद्याला ती चांगली चालते. तिच्यावरचे ओरखडे पुसून कड गुळगुळीत करायचे काम सिरॅमिकचे. आठवड्यातून एकदा सिरॅमिकचे हलके हात फिरवले तर हिऱ्याची पट्टी फारशी लागत नाही. पहिली खरेदी हिऱ्याची आणि दुसरी सिरॅमिकची, हा क्रम इथल्या घरांना सोयीचा आहे.

माहूरला रेणुकामातेच्या तांबुलाचा मान मोठा, त्यामुळे इथे अडकित्त्याचाही विचार करायला हवा. सुपारी कठीण असल्याने अडकित्त्याची कड जाड कोनाची ठेवावी लागते; सुरीसारखी पातळ केली तर तिचे तुकडे उडतात. तिला बारीक हिरा पुरतो. शेतातल्या विळ्या-कोयत्याला मात्र हिरा आणि सिरॅमिक या दोहोंपेक्षा कानसच योग्य.

दोन्ही दगडांची निगा वेगळी. हिऱ्याच्या पट्टीवर जोर दिला की कण मुलाम्यातून उखडतात, म्हणून हात हलका ठेवावा आणि काम झाल्यावर पट्टी धुऊन कोरडी करावी. ती सुरुवातीला जास्त खरबरीत लागते, काही दिवसांनी बसते. सिरॅमिकवर लोखंडाचे काळे पट्टे चढून त्याची पकड जाते. भांड्याची पावडर आणि घासणीने ते निघतात. तो फरशीवर पडला तर मात्र तुटतो.