भवभूती : पाटीवर आहे, पाळण्यात का नाही?

आमगावच्या माणसाला ‘भवभूती’ हा शब्द नवा नाही. गावात भवभूती महाविद्यालय आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी गोंदियाला भवभूती रंगमंदिर आहे, आणि आमगावालगतचे पदमपूर हे भवभूती या संस्कृत नाटककाराचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. एवढा मान मिळालेले नाव आसपासच्या घरांतून हाक मारताना ऐकू यावे, अशी अपेक्षा कोणीही करील. पण ज्ञानेश्वर, तुकाराम, नामदेव, रामदास ही नावे महाराष्ट्रात घरोघर सापडतात, कालिदासही अधूनमधून भेटतो. भवभूती मात्र शोधावा लागतो. इमारतीला जे नाव शोभते ते बाळाला का चालत नाही? ती पदवी आहे, नाव नव्हे, अर्थ अशुभ, शिवाय उच्चार अवघड, अशी तीन कारणे सहसा पुढे येतात. ती तिन्ही तपासली तर टिकत नाहीत. खरे कारण वेगळे आहे आणि ते मराठी बोलण्यात दडले आहे.

आधी माणूस. भवभूती आठव्या शतकातला. ‘महावीरचरित’, ‘मालतीमाधव’ आणि ‘उत्तररामचरित’ ही त्याची तीन संस्कृत नाटके आपल्यापर्यंत पोहोचली. कनौजचा राजा यशोवर्मा याच्या पदरी तो होता, असे कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त नमूद आहे. त्याच दरबारातल्या वाक्पतिराजाने महाराष्ट्री प्राकृतात ‘गउडवहो’ रचले आणि त्यात भवभूतीचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले. कीर्ती कनौजला मिळाली तरी घर विदर्भातले होते. नाटकाच्या प्रस्तावनेत तो आपले कुळ दक्षिणापथातील पद्मपूर नगराचे असल्याचे सांगतो. हे पद्मपूर कोणते, यावर अभ्यासकांत बरीच भवति न भवति झाली. नागपूरचे वासुदेव विष्णू मिराशी यांनी ते म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे मांडले. वाकाटकांच्या एका अपुऱ्या ताम्रपटात पद्मपूरचा उल्लेख आहे आणि तो ताम्रपट जुन्या दुर्ग जिल्ह्यात, म्हणजे इथून पूर्वेला फार लांब नाही अशा मुलखात मिळाला, हा त्यांचा मुख्य आधार. पद्मपूर म्हणजे ग्वाल्हेरजवळची पद्मावती, असेही काहींनी सुचवले होते. पण पद्मावती हे ‘मालतीमाधव’चे कथास्थळ आहे, नाटक जिथे घडते तिथेच नाटककार जन्मला असे मानण्याचे कारण नाही. मिराशींचा पुरावा त्यापेक्षा भक्कम वाटतो. ते लिहीत होते तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला.

आता नावाकडे. कवीच्या घरातली नावे त्याच्याच प्रस्तावनेमुळे कळतात : आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जतूकर्णी. स्वतःची ओळख तो दोन शब्दांनी करून देतो, श्रीकंठ आणि भवभूती. यातले खरे नाव कोणते? जुन्या टीकाकारांपैकी काहींचे म्हणणे असे की जन्मनाव श्रीकंठ, आणि शंकराच्या भस्मावर त्याने केलेला एक श्लोक इतका गाजला की त्यातलाच ‘भवभूति’ हा शब्द त्याला चिकटला. वडील नीलकंठ आणि मुलगा श्रीकंठ, दोन्ही शंकराचीच नावे आणि शेवटही सारखा, हे पाहिले तर या म्हणण्यात तथ्य दिसते. नावे ठेवताना असा मेळ घरोघर आजही साधला जातो. उलट बाजूने, कवी आपल्याला ‘भवभूती नावाचा’ असे स्पष्ट म्हणवतो. ‘मालतीमाधव’च्या एका हस्तलिखितात कर्ता म्हणून कुमारिलभट्टाचा शिष्य उंबेक याचे नाव आले आहे, त्यामुळे भवभूती आणि उंबेक एकच, असाही एक पक्ष आहे. तो वाद इथे सोडून देऊ. आपल्यापुरता प्रश्न एवढाच, की भवभूती हे टोपणनाव किंवा बिरुद ठरले तर मुलाला ते ठेवता येणार नाही का? नारायण सूर्याजी ठोसर यांनी रामदास हे नाव पुढे घेतले. जन्मनाव ते नव्हतेच. तरीही महाराष्ट्रात रामदास ढिगाने झाले. लोक जन्मनाव आणि बिरुद असा हिशेब मांडत बसत नाहीत. पहिला आक्षेप इथेच संपतो.

दुसरा आक्षेप अर्थाचा. भव म्हणजे शंकर. भूती म्हणजे ऐश्वर्य, आणि भूती म्हणजे भस्मही. शंकराचे वैभव, किंवा शंकराच्या अंगावरची राख. नावात राख कशाला, असे वाटणे साहजिक आहे, पण तिलाच आपण विभूती म्हणतो, कपाळाला लावतो, देवळातून पुडीत बांधून घरी आणतो. विभूती हे मुलीचे नाव म्हणून चालते आणि थोर माणसालाही आपण विभूती म्हणतो. एक ‘वि’ काढल्याने मंगल गोष्ट अमंगल होत नाही.

राहिला उच्चार. शेवटी ‘भूती’ आले की वर्गातली पोरे ‘भूत’ म्हणून चिडवणार, ही भीती खोटी नाही. मात्र चिडवण्यातून कोणते नाव सुटले आहे? भूतनाथ, भूतेश्वर ही शंकराची नावे लोक भक्तीने घेतात. प्राचीन काळी तर पुरुषाच्या नावाचा असा शेवट ही सरळ रूढी होती. महावीरांच्या गणधरांपैकी इंद्रभूती, अग्निभूती आणि वायुभूती हे तिघे सख्खे भाऊ. बुद्धाच्या शिष्यांत सुभूती प्रसिद्ध आहे. जैन, बौद्ध, वैदिक अशा तिन्ही घरांत ही नावे होती. पुढे तो साचा मोडला, आणि ‘भूती’वर संपणारे नाव आता कानाला पुरुषाचेही वाटेनासे झाले. ‘भवभूती कुठे गेली?’ असे कोणी विचारले तर त्याला हसता येणार नाही, इतका तो शेवट आज स्त्रीलिंगी झाला आहे. या तिसऱ्या आक्षेपात थोडे वजन आहे, हे मान्य केले पाहिजे. पण एवढ्याने नाव मरत नाही. ज्योती आणि कीर्ती हीसुद्धा कधीकाळी दोघांची नावे होती.

खरी अडचण शेवटच्या नव्हे, सुरुवातीच्या अर्ध्या शब्दात आहे. संस्कृतात भव हे शंकराचे सरळ नाव. मराठीत भव म्हणजे काय? भवसागर, भवताप, भवपाश, भवरोग. सातशे वर्षे अभंगांनी आणि कीर्तनांनी मराठी माणसाला शिकवले की भव ही तरून जाण्याची, तोडून टाकण्याची गोष्ट आहे. तो शंकर आहे हे बोलीतून पुसले गेले. ती खूण उरली फक्त एका ठिकाणी : भवाची पत्नी ती भवानी. तुळजापूरच्या देवीचे नाव महाराष्ट्राच्या जिभेवर आहे, पण त्यातला नवरा कोणाला आठवत नाही. त्यामुळे ‘भवभूती’ हे नाव मराठी कानावर पडते तेव्हा त्यातला एकही तुकडा देवाकडे बोट दाखवत नाही. कालिदास हे नाव याच कसोटीवर तरते. काली माहीत आहे, दास माहीत आहे. मुलाचे नाव कालिदास ठेवणाऱ्या प्रत्येकाने ‘मेघदूत’ वाचलेले असते असे कोण म्हणेल? जयदेवाचेही तसेच. नाव कवीमुळे नव्हे, त्यातल्या ओळखीच्या शब्दांमुळे रुजले.

यावर कोणी म्हणेल, अर्थ न कळताही नावे चालतात. नुसत्या कीर्तीवर चालतात. बरोबर आहे, पण ती कीर्ती तोंडी असावी लागते. तुकाराम वारीत चालतो, वाल्मीक रामकथेतून येतो. भवभूतीची कीर्ती पुस्तकी राहिली. परशुरामतात्या गोडबोले यांनी ‘उत्तररामचरित’ मराठीत आणले, कृष्णशास्त्री राजवाडे यांनी ‘मालतीमाधव’. दोन्ही विद्वानांची कामे, वाचण्यासाठी झालेली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि कालिदासाची शकुंतला पदांतून गावोगावी गेली. भवभूतीच्या वाट्याला असे नाटक आले नाही. ही गोष्ट गोंदियाच्या संदर्भात जास्तच खटकते, कारण हा झाडीपट्टीचा मुलूख. इथे दंडार हे लोकनाट्य रंगले, इथे आजही हंगामात रात्र रात्र नाटके होतात आणि प्रेक्षक तिकीट काढून मांडवात बसतो. सीतेच्या त्यागावर रामालाच रडायला लावणारे ‘उत्तररामचरित’ याच प्रेक्षकाचे नाटक होते. आपण त्याला परीक्षेचा पेपर करून टाकले.

नावाचे एवढे काय घेऊन बसलात, त्याची नाटके वाचा म्हणजे झाले, असेही म्हणता येईल. भवभूतीला स्वतःला नामधारी नको होते. काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे, तेव्हा कधीतरी कुठेतरी आपला ‘समानधर्मा’ जन्मेल, एवढीच त्याची आशा होती. दीडेकशे वर्षांनी राजशेखर आला, तोही महाराष्ट्रातल्या घराण्याचा आणि कनौजच्याच दरबारात. वाल्मीकी, भर्तृमेंठ, भवभूती आणि आता मी, अशी जन्मपरंपरा त्याने बेधडक सांगितली. वारसा असाही सांगता येतो, नाव न घेता. पण राजशेखर एखादाच. बाकीच्या समाजाकडे आठवण ठेवण्याचा सोपा उपाय एकच, हाक मारणे. महाविद्यालयाच्या पाटीवरचे नाव वाचले जाते. मुलाचे नाव दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते, आणि ‘म्हणजे काय?’ असे विचारणाऱ्या प्रत्येकाला आठव्या शतकातला एक नाटककार सांगावा लागतो.

तेव्हा आमगाव-गोंदियाकडच्या आईबापांना एक सुचवणे. हल्ली दोन-तीन अक्षरी, कोणाकडेही नसलेल्या नावांसाठी मोबाइल पालथे घातले जातात, आणि निघते ते अनेकदा अर्थाचा पत्ता नसलेले काहीतरी. भवभूती हे नाव अर्थासकट, पुराव्यासकट आणि गावासकट तयार आहे. कागदावर पूर्ण लिहावे, घरी ‘भव’ म्हणावे. बारशाला आत्याच्या तोंडी ते बसायला वेळ लागणार नाही. निर्णय लगेच होत नसेल तरी हरकत नाही. जन्माची नोंद नावाशिवाय करता येते, १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.