सुजलेला पाय आणि गुडघ्याचं ऑपरेशन

सरावली-बोईसरकडची माणसं कर्करोगाच्या उपचारांसाठी परळचं टाटा रुग्णालय गाठतात. अनेकांचा आजार आटोक्यात येतो. पण जांघेतल्या लसीकाग्रंथी काढल्या किंवा तिथं किरणोपचार झाले, तर द्रवाचा निचरा मंदावून पाय सुजू शकतो. हा डासांमुळे होणारा हत्तीरोग नव्हे. पुढं त्याच पायाचा गुडघा झिजला, तर सांधा बदलावा का?

सूज आहे म्हणून ऑपरेशन बादच, असं नाही. मात्र जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. कृत्रिम सांध्यावर जंतूंचा थर बसला, की ते औषधांना सहजी दाद देत नाहीत. म्हणून तयारी आधी: प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून दाबपट्ट्या बांधून सूज उतरवायची, टेपनं ठरावीक जागी घेर मोजायचा. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत भातलावणीच्या पाण्यानं चिखल्या झाल्या असतील, तर त्या पूर्ण बऱ्या करायच्या. पाय लाल, गरम झाला असेल, तर ऑपरेशन पुढं ढकललेलं बरं. सूज अचानक वाढली, तर रक्ताची गुठळी झाली नाही ना किंवा कर्करोग पुन्हा उद्भवला नाही ना, हे तपासायचं.

हाडाच्या डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: व्यायाम, वजन कमी करणं आणि वेदनाशामकं यांवर अजून भागेल का? आणि ऑपरेशननंतर दाबपट्ट्या कधी सुरू करायच्या?