मंदीतली मदत कोणाच्या दारात थांबली?

१९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि जगभर मंदी आली, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो. ती मंदी मालवणच्या किनाऱ्यावरच्या महारवाड्यापर्यंत कशी पोचली आणि तिच्यामागून निघालेली सरकारी मदत वाटेत कुठे अडली, हे ते पुस्तक सांगत नाही.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. मंदीच्या काळात मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि सावंतवाडीचा मुलूख संस्थानात. या पट्ट्यातला गरीब माणूस दोन गोष्टींवर जगे: खोताच्या किंवा जमीनदाराच्या जमिनीतले भात-नाचणी आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर. मंदीने दोन्हींवर एकदम घाव घातला. कर्ज रुपयांत घेतलेले आणि फेडायचे ते भात विकून. भाव निम्म्यावर आला की तेच कर्ज फेडायला दुप्पट भात लागते. सावकाराने व्याजाचा दर एका पैशानेही वाढवला नाही तरी. तिकडे मुंबईच्या गिरण्यांनी पगार कापले, १९३४ साली मोठा संप झाला आणि मनीऑर्डर आटली.

दलिताची मनीऑर्डर मुळातच लहान होती. जास्त पगाराच्या कापडखात्यात त्याला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याच्या तोंडाचा विटाळ इतर कामगारांना चालत नसे. यंत्रयुगाने जात मोडली असे म्हणणाऱ्यांनी हा धागा विसरू नये.

आता मदतीकडे वळू. मंदीत सरकारच्या हाती सर्वांत जवळचा उपाय म्हणजे शेतसाऱ्यात सूट किंवा तहकुबी. खोती गावात सरकारात सारा भरतो तो खोत. म्हणजे सूट प्रथम त्याच्या ओटीवर येते. तिथून ती कुळाच्या खळ्यात उतरायची तर खोतावर वचक हवा. आणि ज्याच्या नावावर सारा नाही, खंडही नाही, जो केवळ मजुरीवर जातो, त्याला सूट द्यायची तरी कशात?

१९३७ साली प्रांतात निवडून आलेले मंत्रिमंडळ सत्तेवर आले आणि सुधारणांचे कायदे झाले. मुंबई शेतकरी ऋणनिवारण कायदा १९३९ चा. त्यात ऋणको कोण? जो शेतजमीन धारण करतो आणि ती स्वतः कसतो, तो. शेतमजुराचे कर्ज, मग ते बाळंतपणाचे असो की मयताचे, या व्याख्येच्या बाहेर राहिले. त्याच वर्षीच्या कूळकायद्याने संरक्षण दिले ते १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्या कुळाला. सहा वर्षे कसल्याचा पुरावा कोणाच्या दप्तरात असतो, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. शिवाय हा कायदा १९४१ मध्ये आधी काही जिल्ह्यांपुरताच लागू झाला. सबंध प्रांताला तो मिळायला १९४६ उजाडले. मंदी तोवर संपून महायुद्धही होऊन गेले होते!

बाबासाहेबांनी मुळालाच हात घातला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. खोताला वाजवी भरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्याला सरकारचा थेट खातेदार करावे, ही त्याची योजना. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चाने गेले. प्रांताचे तेव्हाचे मुख्यमंत्री (त्या काळी ‘पंतप्रधान’ म्हणत) बाळासाहेब खेर जन्माने रत्नागिरीचे. खोती म्हणजे काय हे त्यांना समजावून देण्याची गरज नव्हती. विधेयक मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

एक गोष्ट प्रांजळपणे मांडली पाहिजे. या विधेयकातही जमीन मिळणार होती ती कसणाऱ्याला. ज्याच्या हाती कसायलाही तुकडा नव्हता तो त्यातही बाहेरच होता. काहींकडे वतनाचा तुकडा होता, पण तो गावकामाच्या जोखडाला बांधलेला. म्हणूनच बाबासाहेब खोतीबरोबर महारवतनाविरुद्धही लढत होते.

अमेरिकेतही हेच घडले. रूझवेल्टच्या सरकारने १९३३ साली कापसाचा भाव सावरण्यासाठी पीक कमी करणाऱ्यांना पैसे दिले. ते बहुतांशी मळेवाल्यांच्या हाती पडले आणि जमीन पडीक टाकताना त्यांनी वाटेकरी कुळांना, त्यात असंख्य काळ्यांना, हुसकावले. १९३४ मध्ये आर्कन्साॅमध्ये काळ्या-गोऱ्या कुळांनी मिळून संघटना उभारली ती यातूनच. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतले काळे लोक मुख्यतः हीच कामे करीत. कायद्यात ‘काळा’ हा शब्द नाही, जसा आमच्या ऋणनिवारण कायद्यात ‘महार’ हा शब्द नाही. तो लिहावा लागत नाही.

‘भूमिहीन’ हा शब्द महाराष्ट्राच्या कर्जमुक्तीत ठळकपणे आला तो १९७५ साली. त्याआधी १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना वर आली आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. तिचे मोठेपण एवढ्यात आहे की तिने जमिनीचा कागद विचारला नाही. काम मागणारे दोन हात तिला पुरेसे होते.

पण १९९० साली फळबाग लागवड या योजनेला जोडली गेली. कोकणात तिचा अर्थ आंबा आणि काजू. वरकस डोंगर हिरवे झाले, दलित शेतकऱ्यालाही अनुदान होते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र कलम लावायला सातबारा लागतो. ज्याच्याकडे तो नव्हता त्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या डोंगरावर खड्डे खणायची मजुरी आली, ती खड्डे संपेपर्यंत. कलमे अजून धरतात.