दोन तारा, एक पट्टी

१९७६ ते १९८६ या काळातल्या अमेरिकन सीजे-७ जीपचा पार्किंग ब्रेक मागच्या दोन चाकांवर चालतो. जुन्या गाडीला मूळ केबल मिळेनाशी झाली, की एका बाजूला वेगळ्या मापाची केबल बसवली जाते. हे चालेल का?

केबल म्हणजे आतली तार आणि बाहेरची नळी. नळीची दोन्ही टोके पक्की असतात. त्यामुळे एकूण लांबीपेक्षा नळीबाहेर उरणारी तार महत्त्वाची. तार आणि नळी दोन्ही १० सेंटिमीटर जास्त असतील, तर मोठा बाक देऊन केबल बसते.

पण नुसती तारच २ सेंटिमीटर जास्त असेल तर? दोन्ही तारा एका आडव्या पट्टीच्या टोकांना जोडलेल्या असतात व पट्टी मधोमध ओढली जाते. ती तिरकी होते; तरी मोकळी असेपर्यंत ६०० न्यूटन बलाचे ३००-३०० असेच वाटप होते. पट्टी कुठे अडली, की लांब तार ढिली राहते. मग चढावर गाडी एकाच चाकाच्या भरवशावर उभी!

वर्गात फूटपट्टीच्या टोकांना असमान दोऱ्यांनी दोन ताणकाटे बांधा आणि पट्टी मधोमध ओढा. वाचने सारखी येतील. आता पट्टीचे एक टोक बोटाने अडवा आणि पुन्हा वाचने घ्या.