हवेली आणि बंद घरातील शेती

मराठीतील ‘शेत’ हा शब्द संस्कृत ‘क्षेत्र’ या शब्दापासून आलेला आहे. भूमीचा सीमांकित भाग हा त्याचा अर्थ. माती, पाऊस आणि ऊन त्यात गृहीतच असतात. ‘उभी शेती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने नेमके हे गृहीतच बाजूस सारले आहे. बंद खोलीत मांडण्यांचे थर एकावर एक रचावयाचे, मुळांना मातीऐवजी क्षारयुक्त पाण्यातून पोषण पुरवावयाचे आणि सूर्याच्या जागी विजेचे दिवे लावावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. तिचे मोल जोखण्यास जबलपूर परिसरातील एक जुनी कृषिपद्धती साहाय्यभूत ठरते. त्या पद्धतीचे नाव ‘हवेली’ असे आहे.

हवेली म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मोठा वाडा उभा राहतो. जबलपूर-नरसिंहपूर भागात मात्र बांधांनी वेढलेल्या काळ्या, चिकण जमिनीच्या शेतीस हे नाव आहे. पावसाळ्यात पाणी शेतातच कोंडावयाचे, ऑक्टोबरच्या सुमारास ते सोडून द्यावयाचे आणि मुरलेल्या ओलीवर गहू अथवा हरभरा पेरावयाचा, अशी ही रीत. साचलेल्या पाण्याखाली तण कुजून जाई आणि रब्बीचे पीक पाटपाण्यावाचून हाती येई. मात्र त्यापायी खरिपाचा हंगाम सोडून द्यावा लागे. १९६४ साली जबलपुरास स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने सोयाबीनच्या संशोधनास चालना दिली; या पिकाचा प्रसार झाला तशी हवेली मागे पडत गेली. याच विश्वविद्यालयाचे ‘जेएस ३३५’ हे वाण पुढे विदर्भ-मराठवाड्यातही रुजले.

प्रत्येक कृषिपद्धती काही वाचविते आणि त्याची किंमत अन्य रूपाने मोजते, असा याचा अर्थ. उभी शेती जागा वाचविते; तेच पाणी फिरवून वापरीत असल्यामुळे पाण्याचीही मोठी बचत करते; गारपीट आणि अवकाळी पाऊस यांचे भय तिला नसते. परंतु उघड्या शेतास विनामूल्य लाभणारे ऊन तिला विकत घ्यावे लागते.

ही किंमत किती, हे स्थूल हिशोबाने पाहता येईल. एक किलो गव्हात सुमारे ४ युनिट विजेइतकी ऊर्जा साठलेली असते. दिव्यास पुरविलेल्या विजेपैकी निम्मी पानांवर पडणाऱ्या प्रकाशात उतरली, त्या प्रकाशाचा विसावा भाग रोपाने साठविला आणि त्यातील निम्मा दाण्यात गेला, असे धरल्यास एका किलोस ३२० युनिटे लागतील. युनिटास ७ रुपये धरले तरी हा खर्च २,२४० रुपये होतो. पालेभाजीची गोष्ट वेगळी आहे. एक किलो पालकात नऊशे ग्रॅमांहून अधिक पाणीच असते. दिव्याच्या प्रकाशातून घडवावयाचा भाग अल्प असतो आणि पीक काही आठवड्यांत निघते. म्हणूनच उभ्या शेतीचा भर प्रायः पानांवर राहिला आहे, धान्यावर नाही.

मातीविना पिके वाढविण्याचे प्रयोग कॅलिफोर्नियात विल्यम गेरिक यांनी १९३० च्या सुमारास केले होते. बहुमजली शेतीची कल्पना कोलंबिया विद्यापीठातील डिक्सन डेस्पोमिए यांनी १९९९ पासून विद्यार्थ्यांसमवेत विकसित केली. तिच्या आधारे अमेरिकेत मोठे उद्योग उभे राहिले. परंतु त्यांपैकी ‘एअरोफार्म्स’ला २०२३ मध्ये दिवाळखोरीचा आश्रय घ्यावा लागला आणि ‘बॉवरी फार्मिंग’ २०२४ मध्ये बंद पडली. भांडवलाचे ओझे होतेच. विजेचा खर्चही या व्यवसायाच्या मुळाशीच आहे.

बंद घरातील थरांची शेती त्यामुळे सर्वस्वी त्याज्य ठरते, असे मात्र नव्हे. धिंगरी अळिंबी खोलीत, मांडण्यांवरच पिकते आणि किफायतशीरही ठरते. तिला प्रकाशातून अन्न घडवावे लागत नाही. गव्हाच्या काडावर ती पोसली जाते. ते काड उघड्या शेतातल्या उन्हानेच घडविलेले असते. जबलपूरसारख्या, ऊन आणि पाऊस दोन्ही मुबलक असलेल्या प्रदेशात गहू आणि प्रसिद्ध मटार यांची जागा शेतातच राहील. भर पावसात शेतातली पालेभाजी सडू लागते, तेव्हा शहराजवळच्या एखाद्या बंद खोलीचा उपयोग होऊ शकेल. ‘शेती’ हा शब्द त्या खोलीस लावण्यास हरकत नाही. मात्र तेवढ्यावरून ती ‘क्षेत्रा’ची जागा घेईल, असे समजणे चुकीचे ठरेल.